बर्फात रोवलेला पाय

अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. अठरावं शतक. कडाक्याची थंडी. क्वेकर ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला निघाली आहेत आणि सभागृहाच्या दारात जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला एक माणूस उभा आहे. एक पाय उघडा, बर्फात रोवलेला. लोक कळवळतात, अहो, आजारी पडाल! तो म्हणतो, माझी कीव येते तुम्हाला. तुमच्या शेतांत अर्ध्या कपड्यांवर अख्खा हिवाळा काढणाऱ्या गुलामांची का येत नाही?

हा बेंजामिन ले. मूळचा इंग्लंडचा, एके काळचा खलाशी. बार्बाडोस बेटावर तो आणि पत्नी सारा दुकान चालवायचे, तेव्हा उसाच्या मळ्यांवरचे उपाशी गुलाम त्यांनी पाहिले. तेव्हापासून साखर वर्ज्य. गुलामांच्या घामाचा धागाही अंगावर नको, म्हणून कपड्यांचं सूत तो स्वतः कातायचा.

ले स्वतः क्वेकरच. म्हणूनच त्याचा जीव जळत होता. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे असं मानणाऱ्या या पंथातल्या कित्येक सधन घरांत माणसं विकत घेतलेली होती. १६८८ मध्येच पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन गावच्या चौघा क्वेकरांनी लेखी विचारलं होतं : माणसं चोरणारा आणि ती विकत घेणारा, दोघे सारखेच नाहीत का? तो कागद पंथाच्या एका सभेने दुसरीकडे, दुसरीने तिसरीकडे धाडला. शेवटी तो बाजूला पडला.

१७३८. बर्लिंग्टन गावी क्वेकरांची वार्षिक सभा. ले उठतो, अंगावरचा झगा टाकतो. आत सैनिकाचा वेश आणि तलवार, तीही शस्त्राला न शिवणाऱ्या क्वेकरांपुढे! हातात पोखरलेलं पुस्तक, त्यात रानफळांच्या लाल रसाने भरलेली पिशवी. माणसांना गुलाम करणाऱ्यांचं रक्त देव असंच सांडेल, असं म्हणून तो पुस्तकात तलवार खुपसतो. शेजारच्यांच्या कपड्यांवर लाल शिंतोडे उडतात.

त्याला उचलून बाहेर काढलं. पंथातूनही काढलं.

१७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांचा व्यापार करणाऱ्या सभासदांवर कारवाई करायचं ठरवलं. ही बातमी म्हाताऱ्या लेपर्यंत पोचली. आता मी शांतपणे मरेन, तो म्हणाला. पुढच्याच वर्षी तो गेला.

त्या सभेने गुलाम बाळगायलाच बंदी घातली ती १७७६ मध्ये. जर्मनटाउनच्या कागदानंतर ८८ वर्षांनी.