पेटी लावलीत, आता उघडून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशा राज्यांत राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांच्या घरामागे हल्ली खांबावर एक लाकडी पेटी दिसते. पुढे गोल भोक. ही पेटी ब्लूबर्ड या पक्ष्यासाठी असते. मार्च लागला की नर येऊन त्या भोकात डोकावतो. गर्द निळी पाठ, विटकरी छाती, पांढरं पोट. पेटी लावायचा उत्साह सगळ्यांना असतो, पण ती दर आठवड्याला उघडून बघायची असते हे फार थोड्यांना माहीत असतं. मी आज आग्रहाने सांगणार आहे ते हेच: जिच्याकडे कुणी बघत नाही, ती पेटी नसलेलीच बरी.

ब्लूबर्डला स्वतः लाकूड पोखरता येत नाही. सुतारपक्ष्याने सोडलेली ढोली मिळाली तर त्याचं घर. वठलेली झाडं तोडली गेली, शेताच्या कडेचे लाकडी खांब गेले, आणि उरलेल्या ढोल्यांवर दोन परक्यांनी हक्क सांगितला. एक युरोपातला स्टार्लिंग, आपल्या साळुंकीचा नातलग, १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडलेला. दीड इंचाच्या भोकातून तो आत शिरू शकत नाही, म्हणून पेटीचं भोक तेवढंच ठेवतात. दुसरी मात्र त्यातून सहज शिरते. ती म्हणजे चिमणी, १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली.

हो, तीच आपली चिऊताई, मेणाच्या घराची. नाशिकच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने २०१० पासून २० मार्चला चिमणी दिन सुरू केला. तिकडे तिच्यासाठी पेट्या टांगतात, आणि ते योग्यच आहे. इथे मात्र नर चिमणा पेटीत घुसून अंड्यांवर बसलेल्या ब्लूबर्डच्या डोक्यावर चोची मारतो, तिला जिवे मारतो आणि तिच्यावरच आपलं घरटं रचतो. ज्याने पेटी उघडून हे एकदा पाहिलंय, त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. इथल्या मूळच्या पक्ष्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे, चिमणीला नाही. तिचं घरटं काढून टाकायला परवानगी आहे, आणि ते काढावंच लागतं. मन घट्ट करा.

पण आधी घरटं कुणाचं ते ओळखा. ब्लूबर्डची वाटी बारीक सुक्या गवताची किंवा पाइनच्या सुयांची, नीट वळलेली, आत फिकट निळी अंडी. ट्री स्वॅलो, म्हणजे आपल्या भिंगरीच्या कुळातला पक्षी, गवतावर पिसं अंथरतो, बहुतेक पांढरी. ती अंड्यांवर आत वळून छतासारखी झुकलेली असतात, अंडीही पांढरीशुभ्र. चिमणीचा पसारा जाड गवत, कागद, चिंध्या, पिसं असा पेटीच्या वरपर्यंत भरलेला, अंड्यांवर ठिपके. काटक्या ठासून भरलेल्या दिसल्या तर तो हाउस रेन, एक छोटा तपकिरी पक्षी. तोही इथलाच, त्याच्या अंड्यांना हात लावायचा नाही.

पेटी उघडायच्या आधी बाजूला हलकेच टकटक करा आणि क्षणभर थांबा, मादी उडून जाईल. दार उघडा, मोजा, बंद करा, मिनिटभराचं काम. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी घरटं सोडत नाहीत, ती भीती काढून टाका. सकाळी लवकर मात्र जाऊ नका, तेव्हा ती अंडं घालते. थंड पावसातही नको. अंडी गार लागली म्हणून घाबरू नका. रोज एक अशी चार-पाच अंडी पुरी झाल्यावरच ती उबवायला बसते, म्हणून पिल्लं जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. त्याला साधारण दोन आठवडे लागतात.

अंडी फुटल्याची तारीख लिहून ठेवा. तेराव्या दिवसानंतर दार उघडायचं नाही. पंखांत बळ नसताना पिल्लं घाबरून बाहेर उडी मारतात आणि परत आत जाऊ शकत नाहीत. त्यानंतर लांबूनच बघा, दुर्बिणीतून.

स्वॅलोने पेटी बळकावली म्हणून पुष्कळ जण नाराज होतात. मला ते पटत नाही. तोही इथला, त्यालाही ढोलीच लागते. पंधरा-वीस फुटांवर दुसरी पेटी लावा. स्वॅलो दुसऱ्या स्वॅलोला शेजारी टिकू देत नाही, पण ब्लूबर्डला चालवून घेतो. दोघेही नांदतात. तुम्ही जवळ गेलात की तो डोक्यावर झेपा घेईल, टोपी घाला.

खांब लोखंडी घ्या आणि त्यावर पत्र्याचं नळकांडं बसवा, म्हणजे रॅकून आणि साप वर चढत नाहीत. पेटी झाडाला ठोकू नका.

नोंदी वहीतच ठेवू नका. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचा ‘नेस्टवॉच’ उपक्रम अशा नोंदी घेतो. पिल्लं उडाली की जुनं घरटं काढून पेटी झाडून घ्या. ब्लूबर्ड त्याच हंगामात दुसऱ्यांदा अंडी घालतात, आणि पेटी रिकामी दिसली की चिमणाही लगेच येतो. म्हणून ऑगस्टपर्यंत आठवड्याची फेरी चुकवू नका.