भिंतीवरची कालवं

(मालवणातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या रांगेतली वडीलधारी मंडळी नातवंडांना घरी न्यायला आली आहेत आणि आता अडकली आहेत, हे मला दिसतंय. म्हणून आधी थोडं त्यांच्यासाठी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि एक जण उरलेलं सगळं जग चालवतो. त्याला डीएम म्हणतात. तुम्ही दशावतार बघत मोठे झालात, तुम्हाला हे जड जाणार नाही. तिथेही लिहिलेली संहिता नसते. रंगपटात आख्यान ठरतं, कोण राजा, कोण राक्षस ते ठरतं, आणि पुढचं बोलणं उभ्या उभ्या सुचतं. फरक इतकाच, की दशावतारात राक्षस मरणार हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. इथे वीस बाजूंचा फासा पडेपर्यंत कोणालाच काही ठाऊक नसतं.

आता माझ्या फजितीकडे येतो.

मी दोन आठवडे खपून एक गुहा काढली होती. समुद्रालगत, आत तीन मजले, चाळीस गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, त्यांचा एक सरदार, आणि तळाला दोन हजार सोन्याच्या नाण्यांचा पेटारा. प्रत्येक खोलीत कोण उभा, कोण झोपलेला, सगळं वहीत लिहिलेलं. पहिल्या संध्याकाळी मी वातावरण उभं करायला म्हणून सांगितलं, "डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र आहे. गुहेच्या भिंती ओलसर, छातीपर्यंत कालवं चिकटलेली."

टेबलावर एका तांडेलाचा मुलगा होता. बारावीत असेल. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "दादानू, पुनव म्हणजे पंधराची पाऊणपट. सव्वाअकराक भरती."

हा हिशोब इथे बहुतेकांना येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने निघते. त्यात पौर्णिमेची भरती म्हणजे उधाणाची. त्याचा बेत सरळ होता. पाणी चढलं की खालचे गॉब्लिन वरच्या तोंडाने बाहेर पळणार. त्या तोंडावर रापणीचं जाळं लावून बसायचं.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "गुहा उंचावर आहे, आत पाणी येत नाही."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भिंतीक कालवां आसत म्हणान तुमीच सांगितलात. पानी खंयसर येता ता कालवांक म्हायत."

टेबलावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. माझी चोरी पकडली गेली होती. गुहा उंचावर नव्हती. दोन आठवड्यांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून मी ती तेवढ्यापुरती उचलून वर ठेवली होती.

आपण डीएम लोक हे सतत करतो. मुलं दाराला वळसा घालून जायला लागली की अचानक मागची भिंत जाड होते. दोर लावला की दोर कुजका निघतो. मग चौथ्या सेशनला कोणी काही सुचवेनासं होतं, सगळे आपले "मी तलवार मारतो" एवढंच म्हणतात, आणि आपण घरी जाऊन तक्रार करतो की पोरांना कल्पनाशक्ती नाही.

मी माघार घेतली. म्हटलं, ठीक आहे, पाणी चढतंय. फासा मागितला तो एकदाच. भरतीला नाही, भरती येणारच. जाळं बांधताना पहारेकऱ्याला आवाज जातो का, एवढ्यासाठी. आणि टाकण्याआधी सांगितलं, की चुकलं तर सहा गॉब्लिन जागे होतील. धोका आधी सांगितला की खेळाडू मागे हटत नाहीत, उलट पुढे सरसावतात. पंधरा पडले. मध्यरात्रीच्या आधी पस्तीसेक गॉब्लिन बांगड्यांसारखे जाळ्यात तडफडत होते. जुन्या नियमांत अशा वेळी दोन फासे टाकून त्यांचं मनोधैर्य बघतात. बेरीज त्यांच्या मनोधैर्याच्या ठरलेल्या आकड्याहून जास्त आली की पळतात किंवा शरण येतात. ते शरण आले.

मग एकाने विचारलं, आम्ही मारलं तर कोणालाच नाही, एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळणार का? याचं उत्तर खेळाच्या पोटातच आहे. १९८१ च्या बेसिक नियमांत एक गॉब्लिन हरवल्याचे पाच एक्सपी. चाळीस गॉब्लिनांचे झाले दोनशे. आणि खजिन्यातलं एक सोन्याचं नाणं घेऊन परतलात तर त्याचा एक एक्सपी, म्हणजे पेटाऱ्याचे दोन हजार. खेळ रचणाऱ्यांनी मारामारीला मुद्दामच कमी मजुरी ठेवली होती. गायगॅक्सच्याच 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या मोहिमेत हल्ला झाला की गॉब्लिन शेजारच्या ओगरकडे, म्हणजे एका धिप्पाड राक्षसाकडे, अडीचशे नाण्यांची पिशवी फेकतात आणि तो मदतीला येतो. गॉब्लिनांना जे सुचतं ते आपल्या खेळाडूंना सुचलं तर आपण का चिडायचं?

पुढे २०१४ च्या आवृत्तीत 'इन्स्पिरेशन' आलं. चांगलं खेळलात की डीएम ते देतो. नंतर कधीतरी वीसचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. वाईट नाही, पण मला ते शाळेतल्या शाब्बासकीच्या गोळीसारखं वाटतं. निम्म्या वेळा खिशात विरघळून जातं.

बक्षीस कसं असावं, याला माझ्याकडे जंजिऱ्याची गोष्ट आहे. शिवाजी महाराजांच्या काळात लाय पाटलाने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांची कुमक वेळेत पोचली नाही, पहाटे शिड्या काढून परतावं लागलं. मोहीम फसली. तरी महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. तो म्हणाला, आम्ही दर्यावर्दी माणसं, पालखी घेऊन काय करू? तेव्हा त्याला गलबत बांधून दिलं, आणि त्या गलबताचं नाव ठेवलं 'पालखी'. बेत फसला तरी मान मिळाला, आणि तोही त्या माणसाच्या कामी येईल असा. आमच्या टेबलावर मी तेच करायला बघतो. तांडेलाच्या पोराला जादूची तलवार देऊन काय उपयोग? त्याच्या पात्राला मी खाडीतल्या सगळ्या होड्यांचा शब्द दिला: कुठल्याही बंदरात रात्री हाक मारली तर एक होडी निघणार.

एक पथ्य मात्र पाळा. तीच युक्ती तिसऱ्यांदा तशीच चालू देऊ नका. मी नियम बदलत नाही, जग शिकतं. पुढच्या गुहेतल्या गॉब्लिनांच्या कमरेला कोयते होते, कारण जाळ्याची बातमी किनाऱ्यावर पसरली होती. पोरं हे कळल्यावर रागावली नाहीत. आपली कीर्ती झाली म्हणून खूश झाली!

आणि ते पहिले पस्तीस? पोरांनी त्यांना सोडलं नाही, मारलंही नाही. रापण ओढायला लावलं. गेल्या रविवारी त्यांचा म्होरक्या आला आणि म्हणाला, ओढणाऱ्याला वाटा असतो, आमचा वाटा कुठे? माझ्या वहीत यावर एक ओळही नाही. रविवारी पाच वाजता बसतोय, ज्याला यायचं त्याने या.