सांडलेल्या रक्ताचा हिशेब

मोठी शस्त्रक्रिया सुरू आहे. भूलतज्ज्ञ विचारतात, "किती गेलं?" सर्जन हातातलं काम न थांबवता सांगतात, "असेल चारशे-पाचशे."

हा झाला नजरेचा अंदाज. नजर इथे हमखास फसते. थोडं रक्त गेलं तर जास्त वाटतं, भरपूर गेलं तर कमी. म्हणजे जिथे चूक परवडत नाही, तिथेच ती मोठी होते.

बरंचसं रक्त सक्शनच्या, म्हणजे रक्त ओढून घेणाऱ्या नळीच्या, बाटलीत जमतं. बाटलीवर खुणा असतात, पण पोट धुतलेलं सलाईनही त्यातच येतं. बाटलीत १८०० मिलिलिटर आणि धुवायला १००० वापरलं, तर रक्त साधारण ८००. म्हणून सलाईन ओततानाच त्याची नोंद व्हायला हवी, मागाहून आठवून नाही.

उरलेलं रक्त मॉप, म्हणजे जाड कापडी घड्या, शोषून घेतात. सिस्टर हा मॉप काट्यावर ठेवतायत, बघा. कोरडा होता तेव्हा २० ग्रॅम, आता १३०. रक्ताच्या एका मिलिलिटरचं वजन १.०६ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे व्यवहारात एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरतात. या एकाच मॉपमध्ये जवळपास ११० मिलिलिटर रक्त आहे. मॉप आधी सलाईनमध्ये भिजवला असेल, तर वजा करायचं ते ओल्या मॉपचं वजन. आणि काट्यावर तो लगेच जायला हवा. पडून राहिला की सुकतो, हलका होतो.

साठ किलोच्या प्रौढ माणसात रक्त साधारण ४२०० मिलिलिटर. दहा किलोच्या मुलात जेमतेम ७५० ते ८००. त्या मुलाचा असा एक मॉप भरला, की सातवा हिस्सा गेला.

मग हिमोग्लोबिन तपासून कळणार नाही का? लगेच नाही. रक्तपेशी आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, एकत्रच बाहेर जातात, त्यामुळे उरलेल्या रक्तातलं प्रमाण सुरुवातीला तेवढंच राहतं. पुढे शिरेतून सलाईन गेलं की रक्त पातळ होतं आणि आकडा घसरतो. धडधाकट माणसाचा रक्तदाबही बराच वेळ टिकून राहतो, कारण रक्तवाहिन्या आकुंचन पावून तो सावरून धरतात.

चादरीवर, गाऊनवर, जमिनीवर पडलेलं रक्त मात्र अंदाजानेच धरावं लागतं. म्हणून निदान जे मोजता येतं, ते तरी मोजलंच पाहिजे. साधा वजनकाटा थिएटरच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला दिसला, की फार खटकतं.

आणि बेरीज शेवटी करून भागत नाही. रक्तपेढीतून जुळवलेली पिशवी यायला वेळ लागतो. म्हणून सिस्टर दर थोड्या वेळाने फळ्यावर नवा आकडा लिहितात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने सांगतात: "आतापर्यंत साडेनऊशे."