गिझरमधले वाढलेले पाणी जाते कुठे?

श्रोतेहो, घरातील गिझरची जोडणी या विषयावर बोलताना मी नेहमी एका प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर ज्याला नीट समजले त्याच्या हातून जोडणीतली गंभीर चूक होणे अवघड असते. तो प्रश्न असा, की पाणी तापल्यावर फुगते, मग बंद टाकीतले ते वाढलेले पाणी जाते कुठे? २० अंश सेल्सिअसचे पाणी ६५ अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान दोन टक्क्यांहून किंचित कमी वाढते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत जवळजवळ अर्धा लिटर पाणी जास्तीचे होते. हा आकडा लहान वाटेल. परंतु पाणी दाबून मावत नाही आणि पोलादी टाकी फुग्यासारखी ताणली जात नाही, त्यामुळे सर्व वाटा बंद असतील तर तेवढ्याच वाढीने टाकीतला दाब झपाट्याने चढतो.

गार पाण्याची वाट मोकळी असेल, तर वाढलेले पाणी आल्या वाटेने मागे, गच्चीवरच्या टाकीकडे सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र बहुतेक साठवणीच्या गिझरना गार पाण्याच्या तोंडाशी एकमार्गी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, आणि तो तिथे असण्याला कारण आहे: पुरवठा थांबला तर टाकी उलटी रिकामी होऊ नये आणि गरम पाणी गार नळात शिरू नये. या झडपेने मागची वाट बंद होते, पुढे गरम पाण्याचा नळ बंदच असतो, आणि म्हणून वाढलेल्या पाण्यासाठी तिसरी वाट ठेवावी लागते. ती वाट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. अनेक गिझरमध्ये ही दोन्ही कामे एकाच पितळी जोडात केलेली असतात. त्यातली स्प्रिंग ठरावीक दाबापर्यंत झडप मिटलेली ठेवते. दाब त्यापुढे गेला की झडप उघडून थोडे पाणी बाहेर टाकते.

गिझर तापत असताना या झडपेतून पाणी ठिबकणे हे तिच्या कामाचेच लक्षण आहे. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण ती गळती समजून झडपेच्या तोंडात बूच ठोकलेले किंवा टोपण आवळलेले मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. ओल नकोशी असेल तर त्या तोंडाला नळी जोडून ती मोरीपर्यंत न्यावी, किंवा जोडणीत हवेची पिशवी असलेली लहान प्रसरण टाकी बसवावी. गिझर बंद असतानाही धार लागून राहत असेल, तर एक तर झडपेच्या बैठकीत कचरा अडकला आहे किंवा पुरवठ्याचाच दाब जास्त आहे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) दाब येतो, त्यामुळे उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर तो गिझरच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. तिथे मुख्य वाहिनीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणे हाच योग्य उपाय आहे.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा भाग, बिघडला असे धरू. तापमान वाढत राहते, आणि त्यासाठी थर्मोस्टॅटच्या मागे वेगळा कटआउट, म्हणजे पाणी फार तापले की वीज तोडणारा भाग, दिलेला असतो; तोही चिकटला तर उरते ती फक्त सेफ्टी व्हॉल्व्हची वाट. हवेच्या नेहमीच्या दाबाला पाणी १०० अंशांना उकळते, परंतु बंद टाकीत दाब आठ बारने वाढला तर उकळण्यासाठी सुमारे १७५ अंश लागतात. असे अतितप्त पाणी भरलेली टाकी फाटली, की दाब क्षणात उतरतो आणि पाण्याचा काही भाग एकदम वाफ होतो, आणि त्या वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. स्फोट होतो तो असा. म्हणूनच मोठ्या टाक्यांना दाबाबरोबर तापमानावरही, साधारण ९९ अंशांना, उघडणारा व्हॉल्व्ह बसवतात. त्याची तापमान जाणणारी कांडी टाकीच्या वरच्या, सर्वांत गरम पाण्यात बुडलेली असली पाहिजे.

या व्हॉल्व्हच्या नळीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण निष्काळजीपणा सर्वांत जास्त इथेच होतो. नळी संपूर्ण लांबीत उताराची असावी, मध्ये कुठेही व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा अरुंद होऊ नये, आणि तिच्यावर कसलाही नळ किंवा कॉक नसावा. तिचे शेवटचे टोक डोळ्यांना दिसेल अशा जागी, मोरीच्या थोडे वर, मोकळ्या हवेत सोडावे, आणि त्यातून गरम पाणी आले तर ते कोणाच्या अंगावर जाणार नाही हे पाहावे. त्या टोकाला आटे नसावेत, कारण आटे दिसले की पुढे कधीतरी कोणीतरी त्यावर टोपण फिरवतो. त्याचप्रमाणे सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कॉक कधीही घालू नये. दुरुस्तीसाठी लागणारा कॉक पुरवठ्याच्या बाजूला, सेफ्टी व्हॉल्व्हच्या अलीकडे हवा.

काही लहान गिझर मुळातच उघड्या तोंडाचे असतात. त्यांत पाण्याचे नियंत्रण आत येणाऱ्या बाजूला असते आणि गरम पाण्याचे तोंड कायम मोकळे ठेवायचे असते. अशा गिझरच्या गरम बाजूला सोयीसाठी नळ बसवला, तर दाब सोसण्यासाठी न बनवलेली टाकी बंदिस्त होते. आपला गिझर कोणत्या प्रकारचा आहे, हे भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वी सोबतच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

गरम बाजूच्या पाइपाला साधे पीव्हीसी चालत नाही, कारण ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडून जोडावर वाकते; तिथे गरम पाणी सोसणारे प्लास्टिक, म्हणजे सीपीव्हीसी किंवा पीपीआर, नाहीतर तांबे वापरावे. तांब्याचा पाइप जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाला थेट जोडला, तर पाण्याच्या संगतीत लोखंड गंजू लागते, म्हणून मध्ये दोन धातूंना अलग ठेवणारा जोड, म्हणजे युनियन, घालावा. पाण्यात जोडलेल्या दोन निराळ्या धातूंपैकी एक झिजतो; टाकीतली मॅग्नेशियमची कांडी याच तत्त्वावर स्वतः झिजून टाकी वाचवते, म्हणून ती संपत आली की बदलावी. लवचीक नळीच्या जोडात पाणी अडवण्याचे काम रबरी वॉशर करतो, तेव्हा तिथे टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळून पान्याने जीव तोडून आवळू नये.

भिंत भरीव विटांची किंवा काँक्रीटची असावी. २५ लिटरचा गिझर भरल्यावर पाण्याचेच वजन २५ किलो होते, वर टाकीचे वेगळे.

विजेचे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, तरीही काय मागायचे ते आपल्याला माहीत हवे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर २००० वॉटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याला स्वतंत्र वायर, दोन्ही तारा तोडणारा स्विच, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. पाण्याच्या पाइपालाच अर्थिंग समजणे हा घातक गैरसमज आहे. पाइपाचा एखादा तुकडा प्लास्टिकचा निघाला की ती वाट तुटते.

गॅसवर चालणाऱ्या गिझरचा धोका निराळा आहे. हवा अपुरी पडली की ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग असतो ना वास, आणि आंघोळ करणारी व्यक्ती दार आतून लावलेल्या खोलीत बेशुद्ध होते. असा गिझर न्हाणीघरात बसवू नये, त्याचा धूर नळकांड्याने थेट इमारतीबाहेर न्यावा, आणि ताज्या हवेची जाळी कधीही बुजवू नये.

तापमानाच्या बाबतीत दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि ६० अंशांना ते मरतात. पण ६० अंशांचे पाणी अंगावर पाच-सहा सेकंद राहिले तरी त्वचा गंभीर भाजते, लहान मुलांची त्याहूनही लवकर. म्हणून साठा गरम ठेवून नळापाशी गार पाणी आपोआप मिसळणारा मिश्रण-व्हॉल्व्ह बसवणे मला सर्वांत योग्य वाटते.

जोडणी पूर्ण झाली, की वीज लावण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून गार पाणी सोडावे आणि हवेचे भपकारे थांबून अखंड धार येईपर्यंत थांबावे, कारण कोरड्या टाकीत कॉइल पाहता पाहता जळते. नंतर सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून, पूर्ण दाबावर हाताने चाचपावेत. पहिल्यांदा गिझर तापेल तेव्हा त्याच्याजवळ थांबून सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीकडे लक्ष ठेवावे. पुढे दर सहा महिन्यांनी, पाणी थंड असताना, त्या व्हॉल्व्हचा छोटा दांडा उचलून पाणी बाहेर येते का ते पाहावे. पाणी आले नाही, किंवा दांडा सोडल्यावर धार थांबली नाही, तर क्षार साचून व्हॉल्व्ह निकामी झाला असे समजावे आणि नवा बसेपर्यंत गिझर बंद ठेवावा.