रंग द्यायचा की रॅप चढवायचा?

(पडद्यावर: बंपरचा कोपरा. फिल्म ताणणारे दोन हात, शेजारी हीट गन.)

रॅप म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची रंगीत प्लास्टिक फिल्म. ती चढवणाऱ्या रॅपिंगवाल्याची खरी परीक्षा बंपरच्या या कोपऱ्यात होते. छप्पर सपाट, दरवाजे जवळपास सपाट; तिथे फिल्म अंथरली, स्क्वीजी, म्हणजे हवा काढायची पट्टी, फिरवली की काम पुढे सरकतं. बंपरला मात्र खाचा आहेत, फॉगलॅम्पची भोकं आहेत, वळणावर वळण आहे. गरम केली की फिल्म मऊ पडते आणि ओढाल तिकडे जाते. पण ती आपला मूळ आकार सोडत नाही. हळूहळू आक्रसते आणि काही दिवसांनी कडेने सुटायला लागते. म्हणून काम संपलंसं वाटल्यावर प्रत्येक कडेवर पुन्हा हीट गन धरायची, फिल्म सुमारे १०० अंशांपर्यंत तापवायची आणि तिच्यातली ती ओढ मारायची. स्वस्तातल्या कामात नेमका हाच फेरा गाळलेला असतो.

फिल्म पीव्हीसीची. त्यात दोन जाती. ‘कास्ट’ फिल्म पातळ, सुमारे ५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), गोंदाचा थर वेगळा. ती वळणावर नीट बसते. ‘कॅलेंडर्ड’ फिल्म रुळांमधून लाटून काढतात, त्यामुळे तिच्यात ताण राहून जातो आणि ती लवकर आक्रसते. दुकानाच्या काचेला किंवा सपाट फलकाला ती चालते, बंपरला चालत नाही. दुकानदाराने अर्ध्या पैशात पूर्ण गाडी रॅप करून देतो म्हटलं, तर या दोनांतली कोणती, एवढं विचारा.

(पडद्यावर: पेंटचं गॅरेज. ओल्या पॉलिश पेपरने घासलं जाणारं मडगार्ड.)

आता रंगाकडे येऊ. गाडी कारखान्यात रंगते तेव्हा तो फक्त पत्र्याचा सांगाडा असतो. तो प्रायमरच्या, म्हणजे अस्तराच्या रंगाच्या, टाकीत बुडवतात आणि विजेच्या भाराने प्रायमर कानाकोपऱ्यात चिकटतो. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. वरचे थर भट्टीत सुमारे १४० अंशांवर भाजले जातात. तयार गाडीला पुन्हा एवढं तापवता येत नाही. वायरिंग, सीट, रबर, प्लास्टिक सगळं आत बसलेलं असतं. त्यामुळे चांगल्या गॅरेजचा बूथही, म्हणजे रंगवायची बंद खोलीही, ६० अंशांच्या आसपास थांबते आणि उरलेलं काम हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, करतं.

म्हणून गॅरेजचा रंग वाईटच, असं समजू नका. नीट केलेला रंग बरीच वर्षं टिकतो. प्रश्न ‘नीट’चा आहे. फवारणीला फार वेळ लागत नाही, दिवस जातात ते घासण्यात. हँडल, आरसे, काचेच्या कडेच्या पट्ट्या उतरवायच्या, पोचे काढायचे, पुट्टी भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची. मुरलेला पेंटर मधूनच डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतो. नजरेला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. आणि हो, या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, श्वासातून गेलं तर त्याने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून फवारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्या गॅरेजमध्ये पेंटरला धड मास्क नाही, तिथल्या बाकीच्या कामाबद्दलही मला शंका येते.

(पडद्यावर: जर्मनीतल्या स्टेशनाबाहेर फिकट हस्तिदंती टॅक्सींची रांग.)

पूर्ण गाडीला फिल्म चढवायची ही कल्पना रुजली ती या टॅक्सींमुळे. जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला हा हस्तिदंती रंग सक्तीचा होता. टॅक्सी काही वर्षांनी विकायला काढली की त्या रंगाला गिऱ्हाईक नसायचं. १९९३ च्या सुमारास केपीएमएफ या कंपनीने त्याच रंगाची फिल्म तयार केली. टॅक्सी आहे तोवर फिल्म अंगावर, विकायच्या वेळी सोलून टाकायची, खाली कारखान्याचा काळा किंवा निळा रंग जसाच्या तसा. आपल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला ही गरज पडली नाही. ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर आली आणि टॅक्सी म्हणूनच भंगारात गेली.

रॅप मुळात काढण्यासाठी जन्माला आला, हे लक्षात ठेवलं की बरेच प्रश्न सुटतात. नव्या गाडीचा रंग शाबूत आहे, चार-पाच वर्षांनी ती विकायची आहे आणि तोवर मॅट करड्या रंगाची हौस भागवायची आहे, तर रॅप घ्या. जुन्या गाड्यांचा व्यापारी हल्ली जाडी मोजायचं मीटर घेऊन येतो. आकडा दोनशे मायक्रॉनच्या बराच वर गेला की त्याला कळतं, इथे पुन्हा रंग झालाय; पुट्टी असेल तर आकडा आणखी उडी मारतो आणि भाव खाली येतो.

पण बोनेटवरचा क्लिअर कोट पोपडे धरून निघत असेल, तर रॅपचं नावही काढू नका. फिल्म तेवढीच पकड घेणार, जेवढी खालच्या रंगाने पत्र्यावर घेतली आहे. काढायच्या दिवशी फिल्मबरोबर रंगही हातात येईल. ढिसाळ रिपेंटवर तर हे हमखास होतं. पोचे फिल्मखाली लपत नाहीत, फिल्म चकचकीत असेल तर उलट उठून दिसतात. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत दाराच्या खालच्या कडेला गंज धरला असेल, तर तो फिल्मखाली निवांत वाढत राहतो. अशा गाडीला डेंटिंग-पेंटिंगच हवं.

पैशांचं म्हणाल, तर पुण्या-मुंबईत मध्यम गाडीला कास्ट फिल्मचा रॅप साधारण ७०-८० हजारांपासून दीड लाखापर्यंत जातो. त्याच रंगात पूर्ण पेंट साध्या गॅरेजमध्ये ४०-५० हजारांतही होतो. रंग बदलायचा, दारांच्या आतल्या चौकटी आणि डिकीची आतली बाजूही रंगवायची, तेही बूथमध्ये, म्हटलं की तो खर्चही लाखाच्या घरात पोचतो. रॅपमध्ये त्या चौकटी बहुतेक वेळा सोडूनच देतात. दार उघडलं की जुना रंग डोकावतो.

आणि ऊन. सोसायटीत झाकलेलं पार्किंग असेल तर फिल्म पाच-सहा वर्षं काढते. गाडी दिवसभर उघड्यावर असेल, तर बोनेट आणि छपराची फिल्म दारांच्या कितीतरी आधी फिकी पडते, तडकते. तडकलेली फिल्म अखंड निघत नाही, नखाएवढ्या तुकड्यांनी खरवडावी लागते आणि त्याची मजुरी वेगळी. खरं सांगायचं तर, गाडी जुनाट दिसते म्हणून रॅप करायला निघालेल्या अनेकांना नुसतं रबिंग-पॉलिश पुरेल.

(पडद्यावर: दुकानातले रोल. ‘मिलिटरी ग्रीन’वर कॅमेरा थांबतो.)

जीपवाल्यांचा हा आवडता रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. नियमात शब्द रंगवण्याचा आहे, पण आपली फक्त फिल्म आहे हा युक्तिवाद नाक्यावरच्या हवालदाराला पटवत बसायची तयारी ठेवा. बाकी कुठलाही रंग निवडलात, तरी आरसीबुकात रंगाचा रकाना असतो. गाडी बदललेली दिसणार असेल, तर आरटीओत तशी नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. नाहीतर अपघातानंतर पॅनल रंगवायचे पैसे मिळतील, पण फिल्मचे मिळतीलच असं नाही.