पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचा संघ

[दृश्य: शाहू स्टेडियम, कोल्हापूर, भरत चाललेली गॅलरी]

पाटाकडील आणि शिवाजी तरुण हे कोल्हापूरचे फुटबॉल संघ समोरासमोर आले, की गॅलरीत कुणालाही विचारून बघा, या संघाचा मालक कोण? शिव्या मिळतील, मालकाचं नाव मिळणार नाही. संघ तालमीचा, तालीम पेठेची. वर्गणी गोळा करणारा, स्पॉन्सर गाठणारा, बाहेरचा खेळाडू आणायचा की नाही यावर भांडणारा, सगळे त्याच गल्लीत राहतात. हरल्यावर संध्याकाळी कट्ट्यावर तोंड दाखवावंच लागतं.

आजची गोष्ट आहे ती हजारो मैलांवरून संघ चालवणाऱ्या मालकांची. हे मालक आपल्या पुण्याचे.

[दृश्य: पोल्ट्री, पुणे]

बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. देशातल्या कुक्कुटपालनाला धंद्याचं रूप देणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. 1996 मध्ये ते गेले आणि कारभार मुलगी अनुराधा देसाई, मुलगे व्यंकटेश आणि बालाजी राव यांच्याकडे आला. त्यांच्या चिकनचं ‘वेंकीज’ हे नाव तर घरोघरी पोहोचलेलं. नोव्हेंबर 2010 मध्ये या कुटुंबाने सुमारे 2 कोटी 30 लाख पौंड मोजून इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब घेतला. वर क्लबचं कर्जही अंगावर घेतलं.

[दृश्य: ब्लॅकबर्न शहर, इवूड पार्क मैदान]

ब्लॅकबर्न म्हणजे मागांचं गाव, तिथली इचलकरंजीच म्हणा. एकेकाळी तिथल्या मागांवर हिंदुस्थानासाठी धोतरं विणली जायची. परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ बसलेल्या कामगारांना भेटायला गांधीजी 1931 मध्ये शेजारच्या डार्वेनला गेले होते. त्याच भागातला क्लब पुढे भारतीय कंपनीने विकत घ्यावा, याची गंमत वाटते.

रोव्हर्स 1888 च्या पहिल्या फुटबॉल लीगपासूनचा संघ. जॅक वॉकर या स्थानिक पोलादवाल्याने पैसा ओतला आणि 1995 मध्ये संघ प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वांत वरची श्रेणी, जिंकला. गावातला माणूस, गावचा संघ. लोकांच्या मनात मालकाचं माप हे असं ठरून गेलेलं होतं.

वेंकीज आले आणि महिन्याच्या आत अनुभवी व्यवस्थापक, म्हणजे संघ निवडणारे मुख्य प्रशिक्षक, सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे बुडत नव्हता. जागेवर आले प्रशिक्षक स्टीव्ह कीन. खरेदीच्या वेळी मालकांना सल्ला देणारे एजंट जेरोम अँडरसन हेच कीन यांचेही एजंट! पुढच्या वर्षी अँडरसन यांचा मुलगाही संघात दाखल झाला. कायद्याचं राहू द्या, पण आपल्याकडे हे एखाद्या तालमीत झालं असतं तर पेठेने रात्रीतच बैठक बोलावली असती.

7 मे 2012. घरच्या मैदानावर विगनकडून 1-0 ने हार, आणि संघ प्रीमियर लीगमधून बाहेर. सामना चालू असताना प्रेक्षकांतून क्लबच्या रंगाचं कापड गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात आली. टोमणा कुणाला होता, हे वेगळं सांगायला नको. याच संघाचे खेळाडू वेंकीजच्या जाहिरातीत चिकन खातानाही दिसले होते.

त्यानंतरचा हंगाम म्हणजे नुसता गोंधळ. कीन गेले. हेनिंग बर्ग आले आणि 57 दिवसांत गेले. मायकल अ‍ॅपलटन 67 दिवस टिकले. बर्ग भरपाईसाठी कोर्टात गेले, तेव्हा क्लबने सांगितलं, आमच्या व्यवस्थापकीय संचालकाला असा करार करायचा अधिकारच नव्हता. कोर्टाने क्लबला सुमारे साडेबावीस लाख पौंड द्यायला लावले. क्लबमध्ये शब्द कुणाचा चालतो, हे क्लबलाच सांगता येत नव्हतं.

2017 मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला संघ इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. व्यवस्थापक टोनी मोब्रे यांनी पुढच्याच वर्षी तो पुन्हा वर आणला.

एक गोष्ट मात्र मालकांच्या बाजूने सांगायलाच हवी. त्यांनी क्लब लुटला नाही, उलट वर्षानुवर्षं तोटा भरत राहिले. समर्थकांचा राग पैशावर कमी आणि गप्प बसण्यावर जास्त आहे. मालक मैदानात दिसत नाहीत, बोलत नाहीत. विश्वास टाकला तो एजंटांवर, आणि सारं तिथेच बिघडलं, असं आमचं मत.

[दृश्य: दिल्ली उच्च न्यायालय]

2023 पासून पैशाची वाटही अडली. मालकांच्या कंपनीवरच्या सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, आणि पाठवायच्या रकमेइतकी हमीही. फेब्रुवारी 2024 मध्ये खेळाडू अ‍ॅडम व्हार्टन लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबला विकला गेला. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, लहानपणापासून याच क्लबमध्ये घडलेला पोरगा. त्याच उन्हाळ्यात तो युरो स्पर्धेसाठीच्या इंग्लंडच्या संघात होता. 2025 मध्ये महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली. मालकांनी क्लब विकावा, ही समर्थकांची मागणी आहे.