थंभा म्हणजे खांब: कुड्याच्या लेण्यांतली माणसं

नमस्कार श्रोतेहो. रायगड जिल्ह्यात तळा गावाहून मांदाडच्या खाडीकडे उतरलं की कुडे गाव लागतं. गावामागच्या डोंगरात 26 बौद्ध लेणी आहेत. खाली खाडीचं पाणी, वर भिक्षूंच्या खोल्या, निजायचे दगडी ओटे, पावसाचं पाणी साठवायची टाकी. रोमी व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं 'मंदगोर' बंदर ते हेच मांदाड, असं काही अभ्यासक मानतात.

मला मात्र तिथं ओढून नेतात ते भिंतींवरचे ब्राह्मी लेख. भाषा प्राकृत, वय सुमारे 1800 वर्षं. दान करणारे कोण? शिवपिरित नावाचा माळी. सोमदेव नावाचा वैद्य. घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या कऱ्हाडचा महिक, त्याला लेख 'लोहवाणिय' म्हणतो, म्हणजे लोखंडाचा व्यापारी. भयिला ही ब्राह्मणाची बायको, तिनं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, कोरवलं. वाणी आणि लेणं हे शब्द आपण आजही बोलतो, म्हणून हे लेख मला परके वाटतच नाहीत.

सहाव्या लेण्यात जरा जास्त वेळ थांबा. ओसरीच्या भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्यात. अंगावर दागिने, उभं राहणं अगदी सैल, घरच्यासारखं. शेजारी कमळावर बसलेले बुद्ध दिसतात, ते तीनेकशे वर्षांनंतरचे. मोकळ्या राहिलेल्या भिंतींवर पुढच्या पिढ्यांनी आपली श्रद्धा कोरली. जुन्या जोड्या त्यांनी पुसल्या नाहीत, याचं मला फार अप्रूप आहे.

हे लेणं एका कुटुंबाचं. मांदव खंदपालित हा इथला महाभोज, म्हणजे स्थानिक सत्ताधारी. त्याचा लेखनिक शिवभूती, त्याचा धाकटा भाऊ शिवम यानं ते दान दिलं. मूर्तिकामाचा खर्च त्याची बायको विजया आणि मुलगे यांचा. लेखात या मूर्तिकामाला 'सेलरूपकम' म्हटलंय. आणि खांब, लेखाच्या भाषेत 'थंभा', मुलींचे. त्या काळी बापाच्या दानात लेकींचा वाटा वेगळा सांगावा, नावानिशी कोरावा, हे साधं नाही.

खडूनं, कोळशानं आपली नावं लिहिलेली लेणी तुम्हीही पाहिली असतील. कुड्याला जाल तेव्हा सहाव्या लेण्यातल्या खांबांपाशी उभं राहून ही चार नावं मोठ्यानं घ्या: सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता.